अकरा घटी रात्र : खानदेशातले चार दिवस

पहिला दिवस : चोपडा ते थाळनेर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माहेरी चोपड्याला गेले, तर भाची तोंड पाडून बसलेली. शाळेने सुट्टीत निबंध दिला होता, 'पडक्या किल्ल्याचे मनोगत'. मला हसूच आलं. तिसेक वर्षांपूर्वी हाच निबंध मी लिहिला होता, आणि तिच्या बापानेही. सुरुवात ठरलेली : "मुलांनो, घाबरू नका, मीच बोलतोय." मग किल्ला थोडा कण्हतो, जुने दिवस आठवतो आणि भिंतीवर नावं कोरू नका एवढं सांगून गप्प बसतो. किल्ला कोणताही असो, बोलतो तेच.

गोष्टी सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. पुण्यातल्या एका संग्रहालयात शाळांची मुलं येतात, त्यांना मी वस्तू दाखवते. बिदरीचा हुक्का, दगडी जाळीचा तुकडा, कुराणाचं सोनेरी वेलबुट्टीचं पान. पाटीवर वस्तूचं नाव आणि शतक लिहिलेलं असतं. मुलं ते वाचतात आणि पुढच्या काचेकडे पळतात. त्यांना दोन मिनिटं थांबवायचं तर गोष्टच लागते. मात्र आपल्याच खानदेशावर दोनशे वर्षं राज्य केलेल्या फारुकी घराण्याच्या इमारती मी एकदाच पाहिलेल्या, पाचवीच्या सहलीत. त्यातलंही डब्यातला चिवडा सोडून फारसं काही आठवत नव्हतं.

दादाला म्हटलं, गाडी काढ.

"केळीला पाणी कोण देईल?"

"ठिबक देईल."

"आणि ठिबकला लाइट कोण देईल?"

शेवटी गड्याला रात्रपाळी सांगून दादा तयार झाला. चोपड्याहून शिरपूरच्या दिशेने निघालो. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी होती. भाची मागच्या सीटवर वही उघडून बसली होती. वहीत एकच ओळ : "मी एक पडका किल्ला आहे."

थाळनेर तापीच्या उत्तर काठावर आहे. आज गाव बेताचं आहे, पण खानदेशची सुरुवात इथली. फिरिश्ता या फारसीत लिहिणाऱ्या इतिहासकाराने आपल्या इतिहासात ती कथा दिली आहे. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक शिकारीत आपल्या माणसांपासून दूर गेला आणि भुकेने बेजार होऊन झाडाखाली बसला. तिथे थोडी कुत्री बरोबर घेऊन शिकार करणारा एक घोडेस्वार भेटला. त्याने होतं ते खायला दिलं. तो मलिक राजा. सुलतानाने १३७० मध्ये त्याला थाळनेर आणि करंदा ही ठाणी दिली. त्याच्या वंशजांनी खलिफा उमर फारुक यांच्याशी नातं सांगितलं, म्हणून घराणं फारुकी. मलिक राजा १३९९ मध्ये वारला.

फारुकींच्या घुमटाच्या कबरी गावालगतच आहेत. बाकीच्यांमध्ये एक अष्टकोनी कबर उठून दिसते, तिच्यावरची कोरीव नक्षीही दाट. सकाळचं ऊन तिरपं पडलेलं असल्याने प्रत्येक कोनाड्याची कड वेगळी दिसत होती. आम्हाला पाहून पाच-सहा पोरं जमली. पोरं दिसली की माझी जीभ सैल सुटते. बाहेरच्या एका लहानशा कबरीपाशी बसून मी गोष्ट सुरू केली. ही एका बेगमेची कबर, ती रोज संध्याकाळी किल्ल्यावरून तापीकडे बघत बसायची, तिचा नवरा लढाईवर गेलेला, नदीला पूर आलेला... पोरं तल्लीन झाली होती आणि भाची भराभर लिहून घेत होती. मला स्वतःलाच गहिवरून आलं.

बकऱ्या घेऊन एक म्हातारेबाबा मागे येऊन उभे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "हाई कथं लिखेल शे, ताई?"

मी म्हटलं, "लिहिलेलं नाही बाबा, अशीच गोष्ट."

"हाई माणूसनी कबर शे. बाईनी नही."

ते पुढे आले आणि काठीच्या टोकाने कबरीचा माथा दाखवला. वर मधोमध दगडाचा उंचवटा होता, लांबट, पाठ गोल केलेली. त्याला कलमदान म्हणतात, लेखण्या ठेवायची पेटी. हे पुरुषाच्या कबरीवर असतं. बाईच्या कबरीचा माथा सपाट, तिला तख्ती म्हणतात, म्हणजे लिहायची पाटी. आपल्याकडच्या मुसलमानी कबरींची ही साधी खूण. मला ती ठाऊक होती. मी ती मुलांना अनेकदा सांगितलीही आहे, पुण्यात, चित्र दाखवून. आणि इथे प्रत्यक्ष दगडासमोर बसून मी वर बघितलंच नाही, कारण माझी गोष्ट आधीच तयार होती. (लेखणी त्याची आणि पाटी तिची, यावर माझं जे म्हणणं आहे ते इथे नको.)

भाचीने बेगमेच्या पानावर फुली मारली. तिला राग आला नव्हता, गंमत वाटली होती. मला मात्र गाडीत बसेपर्यंत कानकोंडं झालं होतं.

दादा गाडी चालवता चालवता म्हणाला, "तुझी ती बेगमची गोष्ट ना, ट्रॉलीत टाकून पारोळ्याच्या किल्ल्यापुढे उतरवली तरी चालली असती."

मला ते लागलं, आणि पटलंही. पुढचे तीन दिवस आमच्यात हीच कसोटी राहिली. गोष्ट ट्रॉलीत बसते की नाही? बसली तर ती त्या जागेची नव्हे.

रात्री शेतात भरीत होतं. पळाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली, लाकडी भांड्यात ठेचली, वर तेलात परतलेली हिरवी मिरची आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. ते वर्णन करत बसले तर बुऱ्हाणपूर गाठता येणार नाही.

दुसरा दिवस : बुऱ्हाणपूरची जामा मशीद

यावल, फैजपूर, सावदा, रावेर. रस्ताभर केळी, केळीचे ट्रक आणि ट्रकमागे आम्ही. रावेरनंतर थोड्याच वेळात राज्य बदलतं आणि पाट्या हिंदीत होतात, पण दुकानात मराठीत विचारलं तर उत्तर मराठीतच येतं. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी ती खानदेशची राजधानी होती. मलिक राजाच्या मुलाने, नासिरखानाने, सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने हे शहर वसवलं आणि नदीपलीकडे त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाने जैनाबाद.

दुपारची नमाज आटोपल्यावर आम्ही मशिदीत गेलो. डोक्यावरून ओढणी घेतली, चपला बाहेर ठेवल्या, आत बसलेल्या खादिमांना, म्हणजे मशिदीची देखभाल करणाऱ्यांना, विचारलं. ते म्हणाले, "आइए, देखिए. फोटो खींचनेवाले बहुत आते हैं, पढ़नेवाले कम."

मशीद राजा अलीखानाने बांधली. आदिलशाह ही पदवी घेतलेला हा फारुकी राजा. समोर काळ्या दगडाच्या पंधरा कमानी एका ओळीत आणि दोन टोकांना दोन उंच मनोरे. मशीद म्हटलं की डोळे घुमट शोधतात, इथे घुमट नाही. भाचीने लगेच विचारलं, "मग पाऊस?" छत दगडाचंच आहे, खांबांच्या ओळींवर पेललेल्या कमानदार छपरांचं. आत शिरल्यावर आधी गारवा लागतो, मग खांब दिसू लागतात.

पश्चिमेच्या भिंतीत मेहराब आहेत. भाची एकीसमोर उभी राहून बराच वेळ बघत होती.

"आत्या, कोनाडा आहे, पण आत काहीच नाही."

संग्रहालयात मला हा प्रश्न दर आठवड्याला येतो. आपल्या घरात कोनाडा म्हणजे काहीतरी ठेवायची जागा. दिवा, देव, निदान किल्ल्या. रिकामा कोनाडा म्हणजे काहीतरी चोरीला गेलं असं मुलांना वाटतं. माझं नेहमीचं उत्तर असं, की मेहराब म्हणजे दिशा, मक्केकडे तोंड कुठे करायचं ते ती दाखवते. उत्तर बरोबर आहे, पण कोरडं आहे. मुलं मान डोलावतात आणि त्यांना ते पटलेलं नसतं.

मी तिला उत्तरेकडच्या मेहराबीपाशी नेलं. तिथे वर अरबी लेख आहे आणि त्याखाली नागरी अक्षरं. शिरोरेघांसकट.

भाची दोन मिनिटं गप्प झाली. मग बोट हवेत ठेवून अक्षरं जुळवू लागली. "श्री... सृ... सृष्टि..."

"श्री सृष्टिकर्त्रे नमः," दादाने मागून वाचलं. सृष्टी निर्माण करणाऱ्याला नमस्कार. त्यापुढे श्लोक : "अव्यक्तं व्यापकं नित्यं गुणातीतं चिदात्मकम् । व्यक्तस्य कारणं वन्दे व्यक्ताव्यक्तं तमीश्वरम् ॥" जो दिसत नाही, सगळीकडे आहे, कायम आहे, गुणांच्या पलीकडे आहे, त्याला वंदन.

दादा दर एकादशीला भजनाला बसतो. तो म्हणाला, "हे तर आपल्या कीर्तनातलं आहे."

भाचीने वर श्लोकाकडे पाहिलं, मग खाली मोकळ्या मेहराबीकडे, मग पुन्हा वर. "अव्यक्त म्हणजे न दिसणारं ना? म्हणून आत काही ठेवलं नाही?"

मी गप्प राहिले. इतक्या वर्षांत मला हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

मी सोबत त्या लेखाची छापील प्रत आणली होती, कारण उंचावरची अक्षरं सगळी लागत नाहीत. त्यात फारुकी राजांची वंशावळ आहे. मशिदीला शब्द वापरलाय 'मसीति'. आणि ती का बांधली तेही दिलंय, 'स्वधर्मपालनार्थम्'. कोणा पंडिताने शब्द तोलून घातलाय बघा. मुसलमान राजा स्वतःचा धर्म पाळण्यासाठी मशीद बांधतो हे संस्कृतात सांगायचं, तर याहून नेमका शब्द कुठला काढणार? इथे मला पुन्हा गोष्ट सुचायला लागली होती. पंडित असा दिसायचा, त्याच्या डोक्यावर पागोटं, त्याच्या मनात घालमेल... जीभ चावली. घालमेल दगडावर नाही. दगडावर शब्द आहेत, त्यांतून माणूस जेवढा दिसतो तेवढाच घ्यायचा.

आणि तो बराच दिसतो. लेखाच्या शेवटी तिथी आहे, पण नुसती तारीख टाकून तो थांबत नाही. संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध एकादशी, सोमवार. पुढे नक्षत्र, योग, करण, जागोजागी घटींसकट. आणि वेळ : रात्रीच्या ११ घटी गेल्यावर, कन्या लग्नावर, म्हणजे पूर्वेला कन्या रास उगवत असताना.

"ही तर लग्नपत्रिका झाली," दादा म्हणाला.

अगदी तशीच. कोणीतरी पंचांग पुढ्यात घेऊन बसलं होतं आणि मशिदीसाठी मुहूर्त काढत होतं. भाची गणितात तरबेज आहे. तिने तिथेच खांबाला टेकून हिशेब मांडला. शकात ७८ मिळवायचे, पण पौष महिना जानेवारीत आला तर ७९, म्हणजे १५९०. हा दिवस तेव्हाच्या युरोपातल्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे ५ जानेवारी, आजच्या मोजणीने १५ जानेवारी. घटी २४ मिनिटांची, अकरा घटी म्हणजे २६४ मिनिटं, चार तास चोवीस मिनिटं. संक्रांतीच्या सुमारास इथे सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो. म्हणजे रात्रीचे साडेदहा.

"साडेदहाला? थंडीत?" तिला ते फारच आवडलं.

खादिम ऐकत होते. मुलीने दगडावरून घड्याळाची वेळ काढली याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी आत जाऊन तिच्यासाठी मूठभर खजूर आणले.

त्याच लेखात आणखी एक श्लोक आहे. जोवर आकाशाच्या अंगणात चंद्र, सूर्य, तारे आहेत, तोवर हा फारुकी वंश पृथ्वीवर नांदो. राजा अलीखान १५९७ मध्ये मोगलांच्या बाजूने लढताना रणात पडला. अकबराने अशीरगडाला वेढा दिला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड घेतला. फारुकी राज्य संपलं. १५९० ते १६०१, चंद्र-सूर्याच्या हिशेबाने अकराच वर्षं. आणि अकबराच्या विजयाचा फारसी लेख कुठे आहे? याच मशिदीवर, दक्षिणेकडच्या मनोऱ्यावर.

तो लेख कोरवून घेणारा मुहम्मद मासूम, सिंधमधल्या भक्कर गावचा. कवी, हकीम, सिंधचा इतिहास लिहिणारा आणि अक्षरांचा शौकीन. जाईल तिथे दगडावर काही कोरून ठेवायची त्याला सवय. मांडूच्या नीलकंठ महालातही त्याचा लेख आहे : शिरवानशहाच्या कबरीच्या कळसावर पहाटे घुबड बसलेलं पाहिलं, ते विचारत होतं, कुठे गेला तो थाट? हीच ओळ त्याने बुऱ्हाणपुरात कोरली असती तर फार जोरात लागली असती. इथे मात्र तो बादशहाच्या नोकरीत होता, त्यामुळे फत्ते झाल्याचंच लिहिलं.

एका बाजूला 'चंद्र-सूर्य असेतो', दुसऱ्या बाजूला 'संपलं'. मध्ये पंधरा कमानी. भाचीने पायऱ्यांवर बसून स्वतःच्या पावलांनी हे अंतर मोजायचा विचार बोलून दाखवला, पण तोवर अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजाची, अजान झाली आणि आम्ही बाहेर पडलो.

चहाच्या गाडीवर दादा म्हणाला, "ही ट्रॉलीत बसत नाही."

तिसरा दिवस : तोटी, पाकळ्या, नदीपलीकडे

सकाळी बाजारात मावा जिलेबी खाल्ली. काळपट, जाड, पाकात मुरलेली. एकात पोट भरतं, दादाने तीन खाल्ल्या. शेजारी जुन्या भांड्यांचं दुकान होतं. तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळं आणि कोपऱ्यात एक बधना. आपल्या तांब्यासारखं पोट, बाजूला वाकडी तोटी, वर झाकण. भाचीने उचलून पाहिला.

"आजीच्या झारीसारखा आहे. पण याची तोटी वर का गेलीय?"

दुकानदारांनी दाखवूनच दिलं. बधन्यात पाणी भरलं आणि ओट्यावर बसून वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं, कसा करतात ते केलं. हात, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, पाय. प्रत्येक वेळी बोटाएवढी धार. तोटीचं टोक पोटाच्या वरच्या कडेइतकं उंच असल्याने, भांडं तिरपं केल्याशिवाय थेंब पडत नाही. सगळं करून अर्धं पाणी उरलं. संग्रहालयातल्या काचेमागे असाच एक बधना आहे, त्याच्यावरच्या नक्षीबद्दल मी पाच मिनिटं बोलते. तोटीबद्दल आजवर एक वाक्य बोलले नव्हते.

पाण्याचाच विषय निघाला म्हणून कुंडी भंडारा पाहून आलो. जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान इथे सुभेदार असताना ही योजना झाली. सातपुड्याच्या उतारावरचं जमिनीखालचं पाणी अडवून, भुयारातून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलेलं. वरून विहिरींसारख्या कुंड्यांची रांग दिसते. भाचीने एका कुंडीत डोकावून 'ओ' दिली. उत्तर जरा उशिरा आलं. "मी थेंब बोलतोय," असं ती म्हणाली आणि लगेच स्वतःच हसली.

दुपारी शहाजहानचा मुलगा शाह शुजा याच्या बेगमेची कबर पाहिली. बिलकिस बानू. लोक त्या कबरीला खरबूजा गुंबद म्हणतात, कारण घुमटाला आणि भिंतींनाही खरबुजासारख्या फुगीर फाका आहेत.

"खरबूज कुठे, गंगाफळ आहे हे," भाचीने निकाल दिला. आकार पाहता तिचंच खरं.

बाहेरून या लहानशा इमारतीचा चुना काळवंडलेला. राखणदारांनी कुलूप काढलं. आत अंधार. डोळे सरावले, मग मोबाइलचा उजेड भिंतीवर धरला आणि रंग उठून आले. फुलदाण्या, वेली, पाकळ्या. हिरवा, तांबडा, कुठे निळसर. एका फुलाजवळ उजेड आडवा धरला, तर कुंचल्याचा शेवटचा फटका दिसत होता, पाकळीच्या टोकाला बारीक होत गेलेला. चारशे वर्षांपूर्वी कोणाचा तरी हात इथे उचलला गेला. आम्ही तिघंही त्या एका पाकळीसमोर बराच वेळ उभे होतो. छताकडे आम्ही नीट पाहिलंच नाही, हे परत येताना लक्षात आलं.

मग तापी ओलांडून जैनाबादला आहूखान्यात गेलो. पडकी बाग, थोड्या भिंती, भरपूर गवत. मुमताज महल १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात वारली आणि तिला जैनाबादच्या बागेत तात्पुरतं दफन केलं. तिथे एक गाइड भेटले. ताजमहाल इथेच व्हायचा होता, पण नदीत सावली नीट पडेना, माती ठिसूळ निघाली, वाळवी लागली, म्हणून तो आग्र्याला गेला, असं त्यांनी सांगितलं. छान सांगत होते. भाचीने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ट्रॉली?"

मी मान हलवली. ही गोष्ट सांगताना आहूखान्याच्या एकाही विटेकडे बघावं लागत नाही. गाइडचा दोष नाही, पाहुण्यांना ताजमहालच हवा असतो आणि त्यांना घर चालवायचं असतं.

मी तिला दुसरी सांगितली, त्यातलं सगळं नोंदलेलं आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुमताजचा देह इथून आग्र्याला नेला. सोबत तिचा मुलगा शाह शुजा होता. तेव्हा त्याचं वय पंधरा. १६३३ मध्ये त्याचं लग्न झालं, आणि त्याची बायको बिलकिस बानू याच बुऱ्हाणपुरात गेली. तीही बाळंतपणातच. आपण आत्ता ज्या गंगाफळात मोबाइल धरून उभे होतो, ती तिची कबर.

भाचीने नदीच्या पलीकडे, आम्ही आलो त्या बाजूला पाहिलं. "म्हणजे त्याची आई इकडे आणि बायको तिकडे."

"हो."

"मग त्याने फुलं काढायला सांगितली असतील."

"ते लिहिलेलं नाही."

"मग मी 'असतील' असंच लिहीन," ती म्हणाली.

खानखानानच्या मुलाची, शाहनवाजखानाची काळ्या दगडाची कबर संध्याकाळी घाईत पाहिली. लोक तिला काळा ताज म्हणतात. इमारत देखणी आहे, पण दिवसभराच्या त्या एका पाकळीनंतर माझ्यात काही शिल्लक नव्हतं.

चौथा दिवस : अशीरगड आणि परत

सकाळी सातला अशीरगड. धुकं होतं. गडाला दख्खनचा दरवाजा का म्हणत ते वर चढल्यावर कळतं, उत्तरेकडून येणारी वाट पायाखालून जाते. गडावरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा पहाटे फूल वाहून जातो अशी कथा आहे. दादाने ती निमूट ऐकून घेतली आणि देवाला नमस्कार केला. अश्वत्थाम्याला ट्रॉलीची कसोटी लावायची माझी हिंमत झाली नाही.

फिरिश्ताने सांगितलेली गडाची मोठी गोष्ट अशी. गड आसा अहीर या धनाढ्य गवळी सरदाराचा. नासिरखानाने त्याला निरोप धाडला, मला शत्रूची भीती आहे, माझ्या बायका-मुलांना आसरा दे. डोल्या वर गेल्या. पडदे उघडले तर आत हत्यारबंद शिपाई. भाचीचे डोळे विस्फारले होते, म्हणून मी पुढचं लगेच सांगितलं : १५३८ मध्ये शेरशाहने बिहारमधला रोहतासगड घेतला, तिथेही अगदी हीच डोल्यांची गोष्ट सांगतात.

"मग ही ट्रॉलीची नाही, डोलीची," दादा म्हणाला.

उन्हं चढायच्या आत उतरलो. रावेरला केळीच्या ट्रकांमध्ये पाऊण तास अडकलो, तरी पाचच्या आत घरी पोहोचलो. चहा होतो न होतो तोच भाची दादाच्या मागे लागली, तिला घटिकापात्र करायचं होतं. पूर्वी वेळ अशीच मोजत. बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती चोवीस मिनिटांत भरून बुडली की एक घटी. बाबराने हिंदुस्थानातल्या या मोजणीचं वर्णन आपल्या आत्मचरित्रात केलंय, आणि आपल्याकडे लग्नात गुरुजी अजून कुठे कुठे ती वाटी ठेवतात. वहिनीने तांब्याच्या वाटीला हात लावू दिला नाही. एक जुनी जर्मनची वाटी मिळाली, दादाने खिळा ठोकून तिला भोक पाडलं.

सहाला तीन मिनिटं कमी असताना सूर्य मावळला. अंगणात बादली भरून ठेवलेली होती. भाचीने वाटी पाण्यावर सोडली आणि वहीत पहिली रेघ ओढली. जेवताना आळीपाळीने एकेक जण उठून बुडालेली वाटी काढत होता. वहीवरचं जुनं शीर्षक खोडून तिने नवीन लिहिलं होतं, 'अकरा घटी रात्र'. पहिलं वाक्य असं : "थंडी होती आणि कोणीतरी पाण्याकडे बघत बसलं असेल."

नऊ वाजून चार मिनिटांनी ती ओरडत आत आली, "अकरा झाल्या!"

मी फोन बघितला. खऱ्या अकरा घटी व्हायला अजून सव्वा तास होता. भागाकार केला, वाटी सतरा मिनिटांतच बुडत होती.

"लग्न चुकलं," दादा म्हणाला. "मशीद सिंह लग्नावर होईल."

भाचीला ते मुळीच चाललं नाही. देव्हाऱ्यातून मेणबत्ती आणली, भोकाच्या कडेला एक थेंब मेण सोडलं, सुईने बारीक वाट केली आणि वाटी पुन्हा पाण्यावर ठेवली.